चाऱ्याचा कस, डोंगराची उंची आणि ऋतुमान

गवताचा हिशेब आपण शेतकरी लोक दोन मापांनी करीत आलो आहोत. उभे असेल तर एकर-गुंठ्यांनी, आणि कापून रचले असेल तर पेंढ्यांनी अथवा गाडीच्या खेपांनी. महसुली दप्तरातही याहून निराळे काही नाही. आमची उमेदीची सारी वर्षे त्याच दप्तरात गेली. गाव नमुना बारामध्ये पडीचे स्वरूप व क्षेत्र लिहिण्यास रकाने आहेत. त्यांत ‘गवतपड’ असे लिहून क्षेत्राचा आकडा भरला, की त्या जमिनीची हकीकत संपली. ते गवत कोणत्या पंधरवड्यात जनावराच्या अंगी लागते आणि कोणत्या पंधरवड्यापासून नुसते पोट भरते, हे सांगणारा रकाना कोठेही नाही. वस्तुतः जनावराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब तीच होय.

ही बाब नीट समजून घ्यावयाची असेल, तर ज्यांच्यापाशी गंजी नाही, पेंड नाही, आणि ज्यांस दावणीला आणून टाकणारा धनी नाही, अशा प्राण्यांकडे पाहावे. उंच पर्वतांवर राहणाऱ्या रानटी शेळ्यामेंढ्या व हरणे वर्षभर उभ्या चाऱ्यावरच जगतात. चाऱ्याचा कस उंचीप्रमाणे व ऋतूप्रमाणे बदलतो, आणि त्या बदलाच्या मागोमाग हे प्राणी डोंगर चढतात व उतरतात. या लेखात आम्ही मुख्यतः हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्याचे व तेथील भरल या प्राण्याचे उदाहरण घेणार आहोत. विषय दूरचा वाटेल. परंतु तेथे जो प्रश्न उभा राहिला तो आपल्या गायरानातील प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे, हे वाचकांस पुढे दिसून येईल.

कस म्हणजे काय?

गवताच्या पात्याचे, स्थूल मानाने, दोन भाग समजावे. एक, सूक्ष्म पेशींच्या आतील रस. यात साखर, क्षार व नत्रयुक्त पौष्टिक द्रव्ये, म्हणजे प्रथिने, असतात. दुसरा, त्या पेशींच्या भिंती. या तंतुमय असतात. कोवळ्या पात्यात भिंती पातळ व रस पुष्कळ. गवत वाढून दांडा धरू लागले, की भिंती जाड होतात, आणि त्यांत लिग्निन नावाचे काष्ठद्रव्य साचू लागते. लाकडाला लाकूडपण येते ते याच द्रव्यामुळे. गवत फुलोऱ्यावर येऊन बी धरले, म्हणजे पानातील कस काही बियांत जातो, व बहुवर्षायू गवतात बराचसा मुळांत उतरतो. मागे उरते ते वाळके कांड व पाते. हे वजनाला भरपूर असते, पण त्यात सत्त्व थोडे.

चाऱ्यातील नत्र मोजण्याची खात्रीची रीत १८८३ साली डेन्मार्कमधील योहान केल्डाल या रसायनज्ञाने काढली. नत्राचा जो आकडा येईल त्यास ६.२५ ने गुणले असता प्रथिनांचा अदमास मिळतो. तंतूंचे पृथक्करण करण्याची आजची रीत अमेरिकेतील पीटर व्हॅन सोएस्ट यांनी १९६० नंतरच्या दशकात बसविली. अशा मोजणीवरून सर्वत्र एकच गोष्ट आढळून आली आहे. नुकत्याच फुटलेल्या गवतात, सुकविलेल्या वजनाच्या शेकडा १५ ते २० भाग, कित्येकदा त्याहूनही अधिक, प्रथिने असतात. तेच गवत उभ्याने वाळले म्हणजे हे प्रमाण शेकडा ३ ते ५ पर्यंत खाली येते. जागा तीच, गवत तेच, मुळेही तीच. मध्ये गेले ते केवळ काही महिने.

आता हे प्रमाण उतरल्याने काय बिघडते ते पाहू. गाय, शेळी, मेंढी, हरिण हे रवंथ करणारे प्राणी स्वतः गवत पचवीत नाहीत. त्यांच्या पोटाच्या पहिल्या व सर्वांत मोठ्या कप्प्यात अगणित सूक्ष्म जंतू राहतात. तंतू फोडण्याचे काम ते जंतू करतात, आणि जंतूंस वाढण्यास नत्र लागते. चाऱ्यातील प्रथिने सुमारे शेकडा ७ च्या खाली गेली, म्हणजे जंतूंची उपासमार होऊ लागते. मग पचन मंदावते, खाल्लेला चारा कप्प्यात पडून राहतो, व तो पुढे सरकल्यावाचून नव्या घासाला जागा होत नाही. म्हणजे नुकसान दुहेरी झाले. चारा निकस, आणि तोही कमी खाल्ला जातो. पोट तटतटलेले आणि जनावर उपाशी, असा हा विलक्षण प्रकार असतो. चैत्र-वैशाखात दावणीची वैरण संपत नाही व तरीही बैलाच्या बरगड्या दिसू लागतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस याचे निराळे स्पष्टीकरण नको.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अगदी जमिनीसरशी असलेले कोवळे तृण कसदार खरे, परंतु घासात येते किती? दिवसभर चरूनही पोट भरत नाही. याकरिता चरणाऱ्या जनावरास खरा लाभ होतो तो बेताच्या गवतावर. म्हणजे तोंडात धरण्याइतके वाढलेले, पण दांडा न धरलेले. अशी अवस्था कोणत्याही एका जागी फार दिवस टिकत नाही.

उंचीने काय साधते?

डोंगर चढू लागले असता हवा थंड होत जाते. सर्वसाधारण मान असे, की दर १,००० फुटांस सुमारे २ अंश सेंटिग्रेड उष्णता कमी होते. बर्फाच्या प्रदेशात, अर्थातच, खालचे बर्फ आधी वितळते व वरचे मागाहून. खाली अंकुर आधी फुटतो, वर उशिरा. अमेरिकेतील कीटकशास्त्रज्ञ ॲन्ड्र्यू हॉपकिन्स यांनी १९१८ साली यासंबंधी एक ठोकळ नियम मांडला. त्यांच्या देशातील अनुभवावरून दर ४०० फूट उंचीस वसंताचे आगमन सुमारे ४ दिवस लांबते. हा नियम प्रत्येक डोंगरास तंतोतंत लागू पडतो असे नव्हे. उताराची दिशा, बर्फाची जाडी व वारा यांनी त्यात फरक पडतो. तथापि हिशेब समजण्यास तो पुरेसा आहे.

उदाहरणादाखल असे धरू, की एका जागी गवत बेताचे कोवळे राहण्याचा काळ तीन आठवडे, म्हणजे २१ दिवस आहे. जे जनावर १२,००० फुटांवर एकाच जागी राहील त्यास वर्षातून कसदार चारा २१ दिवसच मिळेल. परंतु जे १२,००० फुटांवरून हळूहळू १६,००० फुटांपर्यंत चढत जाईल, त्यास या ४,००० फुटांच्या चढणीने ४० दिवस अधिक मिळतील. म्हणजे एकूण ६१ दिवस, जवळजवळ तिप्पट. गवताची एक काडीही अधिक उगवली नाही. केवळ निरनिराळ्या पायऱ्यांवर ते निरनिराळ्या वेळी उगवले, एवढ्यानेच हा लाभ झाला. डोंगर म्हणजे चाऱ्याची शिडी होय, आणि तिची प्रत्येक पायरी आपापल्या तिथीस भरते.

याखेरीज उंचीचा आणखी एक गुण आहे. गारव्यात गवत सावकाश जून होते. उष्णतेने काष्ठद्रव्य भराभर साचते, थंडीने ते रेंगाळते. यास्तव उंचावरील गवत खुजे व विरळ असले तरी घासागणिक ते अधिक पचनी पडते. उलटपक्षी वर जावे तसतसे एकंदर चाऱ्याचे वजन कमी भरते, व हंगामही आखूड होतो. सारांश, खाली चारा पुष्कळ पण लवकर निकस होणारा. वर थोडा पण कसदार. यांपैकी एकच पत्करून चालत नाही. दोन्हींचा मेळ घालण्यासाठीच प्राण्यास चालावे लागते.

त्यातही उताराच्या दिशेचा भेद आहे. हिमालयात दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन अधिक पडते. तेथील बर्फ आधी जाते, गवत आधी फुटते व आधी वाळते. उत्तरेकडील उतार मागाहून हिरवा होतो. शिवाय ज्या घळीत बर्फाचा थर दाट साचलेला असतो, त्याच्या कडेने बर्फ मागे हटेल तसतसे ऐन उन्हाळ्यातही नवे कोंब निघत राहतात. अशा रीतीने एकाच उंचीवरही लहान लहान पायऱ्या पडलेल्या असतात.

स्पितीतील भरलाचे वर्ष

स्पितीचे खोरे हिमालयाच्या पलीकडच्या अंगास, पर्जन्यछायेत पडते. मोसमी पावसाचे ढग अलीकडच्या रांगांनीच अडविले जातात. तेथे पाणी येते ते मुख्यतः हिवाळ्यातील बर्फाच्या रूपाने. झाडे जवळजवळ नाहीतच. गवताचे झुबके, काही फुलझाडे व काटेरी अथवा सुगंधी खुरटी झुडपे, एवढीच काय ती वनस्पती. गवत वाढण्याचा काळ मे ते ऑगस्ट, फार तर सप्टेंबरचा काही भाग.

भरल हा प्राणी धड शेळीही नव्हे व धड मेंढीही नव्हे. दोन्हींची काही काही लक्षणे त्यात आहेत, आणि या कोड्यासाठीच जॉर्ज शॅलर या प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञाने त्याचा बारकाईने अभ्यास केला. अंगाचा रंग खडकासारखा निळसर राखी, त्यामुळे इंग्रज त्यास निळी मेंढी म्हणत. कड्याकपारीच्या आश्रयाने राहणारा हा कळपातील प्राणी हिमबिबट्याचे मुख्य भक्ष्य आहे.

मे महिन्यात, म्हणजे आपल्याकडे वैशाख-ज्येष्ठात, खालच्या दक्षिणाभिमुख उतारांवरचे बर्फ हटते व पहिले कोंब दिसतात. त्या वेळी कळप हिवाळ्याने खंगलेले असतात, आणि माद्या गाभण असतात. पिले जन्मतात जून-जुलैमध्ये. ही वेळ सृष्टीने मोठ्या हिशेबाने बसविलेली दिसते. आईस दूध उतरावयाचे ते कोवळ्या चाऱ्यावरच; आणि गाभणपणाचे शेवटचे काही आठवडे व दुधाचे पहिले काही आठवडे, हाच तिच्या सर्वाधिक गरजेचा काळ. वासरू पाजणाऱ्या म्हशीस पेंड कधी वाढवावी लागते, हे आपण जाणतोच. भरलाच्या मादीची पेंड म्हणजे ती कोवळी हिरवळ.

जुलै-ऑगस्टमध्ये हिरवळ वर सरकते, आणि तिच्याबरोबर कळप उंचावरच्या माळांवर जातात. सप्टेंबरात रात्री गोठू लागल्या, म्हणजे गवत पिवळे पडते व त्यातील नत्र मुळांकडे परततो. तोवर जी चरबी अंगावर चढली असेल, तीच पुढच्या सहा-सात महिन्यांची शिदोरी. नोव्हेंबराच्या अखेरीस माजाचा काळ सुरू होतो व जानेवारीपर्यंत चालतो. त्यात नरांची चरबी बरीच खर्ची पडते; माद्या फळतात, आणि नेमका निकस चाऱ्याचा काळ त्यांस गाभणपणी काढावा लागतो.

हिवाळ्यात उंचीचा नियम उलटा फिरतो. आता वर जाण्यात लाभ नाही, कारण तेथे चारा बर्फाखाली गाडलेला असतो. कळप दक्षिणेकडच्या उतारांवर व वाऱ्याने बर्फ उडून उघड्या पडलेल्या धारांवर येतात. तेथे मिळते ते उन्हाळ्यात उभ्याने वाळलेले गवत. उन्हाळ्यात प्रश्न कसाचा होता, हिवाळ्यात तो कसाचाही आहे व भरतीचाही. कस तर सर्वत्रच उतरलेला असतो. म्हणून उघड्या जागेवर गवत किती शिल्लक राहिले आहे, यावर कोण जगेल ते ठरते. आणि ते शिल्लक राहावे की न राहावे, हे उन्हाळ्यातच ठरलेले असते.

अन्य देशांतील पुरावा

वरील विचार केवळ तर्काचा नाही, हे दाखविण्यास परदेशांतील तीन उदाहरणे देतो. नॉर्वेमध्ये तांबड्या हरणांचा अभ्यास ॲल्बन व लँग्व्हाटन या संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केला. उन्हाळ्यात उंचावर जाणाऱ्या हरणांस अधिक प्रथिनयुक्त चारा मिळतो, व ती वजनाने अधिक भरतात, असे त्यांस आढळले. अमेरिकेतील वायोमिंग संस्थानात लांब कानांच्या हरणांचे काही कळप दर वसंतात रेड डेझर्ट या सखल प्रदेशातून होबॅक खोऱ्याकडे सुमारे १५० मैल जातात. त्यांच्या गळ्यांत यंत्रे बांधून, आणि कृत्रिम उपग्रहांनी टिपलेली हिरवळ नकाशावर मांडून पाहता, हरणे हिरवळीच्या सरकत्या लाटेशी आपली चाल जुळवून घेतात, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले.

दुसऱ्या एका अभ्यासाने मोठी विचार करण्याजोगी गोष्ट उघडकीस आणली आहे. अमेरिकेत ज्या डोंगरांवरून मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्या नष्ट झाल्या होत्या, तेथे त्या दुसरीकडून आणून सोडण्यात आल्या. या नव्या मेंढ्यांपैकी बहुतेक पहिल्याने स्थलांतर करीतच ना. ज्या कळपांचा वास जुना होता, ते मात्र हिरवळीच्या मागे नेमके जात. आणलेल्या कळपांस ती विद्या येण्यास कित्येक दशके लागली, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे चाऱ्याची वाट पिलास उपजत येत नाही; ते ती आईच्या मागे चालून शिकते. कळप नष्ट झाला की त्याबरोबर वाटही नष्ट होते, आणि जनावरे परत आणता आली तरी वाट विकत आणता येत नाही. गद्दी मेंढपाळांच्या कांगडा-चंब्याकडून लाहौलाकडे जाणाऱ्या वाटा, किंवा आपल्याकडे देशावरून कोकणात उतरणाऱ्या धनगरांच्या वाटा, यांसही हेच लागू आहे.

तिसरे उदाहरण ऋतुमानाच्या फेरफाराचे. कॅनडातील आल्बर्टा प्रांतातील रानमेंढ्या व पहाडी शेळ्या, तसेच इटलीतील ग्रान पारादिसो अभयारण्यातील आयबेक्स या रानशेळ्या यांच्या पिलांविषयीचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. वसंत लवकर आला तर बरे, असे आपणास वाटेल. परंतु हिरवळ एकदम, झपाट्याने वाढली तर ती पिलांस बाधक ठरते, असे त्यात दिसून आले. कारण उघड आहे. सर्व पायऱ्या एकाच वेळी भरल्या तर शिडीचा उपयोग काय? चारा पुष्कळ, पण सारा एकदम जून होणार. हवामान उष्ण होत चालले असता हा धोका डोंगरी प्रदेशांत विशेष लक्षात घेण्यासारखा आहे.

गावची जनावरे आणि हिवाळ्याचे गवत

आता पुन्हा स्पितीकडे वळू. तेथे सुमारे १४,००० फूट उंचीवर किब्बर नावाचे गाव आहे. लोक जव व वाटाणा पिकवितात. याक, याक व गाय यांच्या संकराची जनावरे, गाई, घोडे, गाढवे, शेळ्या व मेंढ्या बाळगतात. नांगर त्यांच्यावर, ओझे त्यांच्यावर, खत त्यांचे आणि हिवाळ्यातील जळणही त्यांच्याच शेणाचे. जनावर गेले तर घर चालत नाही. म्हणून त्या लोकांस कोणी उंटावरून शेळ्या हाकीत ‘जनावरे कमी करा’ असा उपदेश करू नये.

परंतु गावची जनावरे व भरल एकच गवत खातात, हेही तितकेच खरे. उन्हाळ्यात गावची जनावरे उतारावरील गवत खाऊन संपवितात. हिवाळ्यात भरल तेथे उतरतो तो रिकाम्या पंगतीस. चारुदत्त मिश्र व त्यांचे सहकारी यांनी तेथे वर्षानुवर्षे पाहणी केली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, जेथे गुरांची चराई दाट तेथे भरलांची वस्ती विरळ व माद्यांच्या मानाने पिले कमी, असे दिसून आले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचे कारण अधिक स्पष्ट झाले. जेथे हिवाळ्यास गवत शिल्लक होते, तेथे भरल हिवाळ्यातही मुख्यतः गवत खात. जेथे गुरांनी ते संपविले, तेथे त्यांस झुडपे व इतर वनस्पतींवर भागवावे लागे. आणि ज्यांच्या आहारात गवत अधिक, त्यांची पिलेही अधिक. सप्टेंबरात खाल्लेल्या घासाचा हिशेब असा पुढल्या जूनमध्ये लागतो.

येथे एक साखळी लक्षात घ्यावी. भरल कमी झाले तर हिमबिबट्या भुकेला राहतो, आणि भुकेला हिमबिबट्या गावच्या गोठ्याकडे वळतो. यास्तव गवत राखणे हे नुसते रानटी प्राण्यावर उपकार करणे नव्हे. १९९८ साली म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेशी बोलणे होऊन, किब्बरच्या लोकांनी गावच्या चराऊ रानापैकी सुमारे ५०० हेक्टर, म्हणजे सव्वाबाराशे एकर, राखीव ठेवण्याचे कबूल केले. तेथे गुरे सोडावयाची नाहीत, आणि त्याबद्दल गावास मोबदला मिळावयाचा, असे ठरले. पुढे त्या भागात भरलांची संख्या वाढली, व राखीव रानही वाढविण्यात आले. हा निर्णय वरून हुकूम येऊन झाला नाही, गावाने बसून केला, हे त्यातील विशेष. महसुली कामात आम्ही एवढे पाहिले आहे, की जी बंदी गावास पटलेली नसते तिचा पंचनामा लिहिता लिहिता तलाठी थकतो, आणि जी पटलेली असते तिच्यासाठी राखणदारही फारसा लागत नाही.

यापासून आपण काय घ्यावे?

आपल्या सह्याद्रीवर बर्फ पडत नाही, व भरलही नाही. तथापि गवताचा धर्म सर्वत्र एकच आहे. पवना, मारवेल, शेडा इत्यादी गवते पावसाळ्यात वाढतात व भाद्रपद-आश्विनात फुलोऱ्यावर येतात. चांगली वैरण पाहिजे असेल तर कापणी फुलोऱ्यावर, बी पिकण्यापूर्वी, करावी. पण पुष्कळ ठिकाणी दिवाळीनंतर, कुसळे झडून गवत पांढरे पडल्यावर, विळा लागतो. त्यास कारणेही आहेत. आश्विनात पाऊस भिजवील ही भीती असते, त्याच दिवसांत खरिपाची काढणी असल्याने मजूर मिळत नाहीत, आणि उशिरा कापल्यास गंजी मोठी होते असा समज आहे. पहिल्या दोन अडचणी खऱ्या आहेत. तिसरा समज मात्र सोडून द्यावा. मोठी गंजी ही नेहमीच मोठी वैरण नसते.

अडचणीवर उपाय डोंगराच्या शिडीनेच सुचविला आहे. आपल्या शिवारातही पायऱ्या असतात. माळावरील मुरमाड जागेतील गवत आधी निसवते व आधी वाळते. खोल जमिनीतील व ओढ्याकाठचे मागाहून. म्हणून सर्व कापणी एकदम न करता माळापासून सुरुवात करून ओलाव्याच्या जागेकडे यावे. त्याने मजुरांची ओढाताण कमी होते, पाऊस आलाच तर सारे भिजत नाही, आणि प्रत्येक तुकडा त्याच्या योग्य वेळी हाती येतो. दरवर्षी कोणत्या तुकड्यात फुलोरा केव्हा आला, याची तारीख घरच्या वहीत टिपून ठेवावी. तीन-चार वर्षांच्या नोंदी जमल्या, की आपल्या शिवाराचे स्वतंत्र पंचांग तयार होते.

जे गवत उशिराच हाती येईल, त्याच्याबरोबर नत्रयुक्त जोड द्यावी. भुईमुगाचा पाला, तुरीचे व हरभऱ्याचे भुसकट, लसूणघास, किंवा थोडी पेंड यांपैकी जे घरी असेल ते घालावे. त्याने पोटातील जंतूंस बळ येते व वाळका चाराही अधिक पचतो. गाभण व दुभत्या जनावरास ही जोड आधी, भाकडास मागाहून, हा क्रम ठेवावा. घरची उत्तम वैरण माघ-फाल्गुनापर्यंत न उडविता चैत्र-वैशाखासाठी राखावी, कारण आपला हिवाळा तो आहे.

गायरानासंबंधी एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. पहिला पाऊस पडून कोंब वर येतात न येतात तोच साऱ्या गावची गुरे गायरानात घुसली, तर गवतास मुळांत साठा करण्यास अवधीच मिळत नाही. अशाने दोन-चार वर्षांत चांगली गवते जाऊन कुसळी व तरवड राहतात. गायरानाचे तीन-चार भाग पाडून पाळीपाळीने एक भाग पावसाळाभर बंद ठेवावा, व त्यातील गवत आश्विनात कापून वाटून घ्यावे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे गावाने चराईबंदी पाळून डोंगर हिरवा केला, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. ज्यांची गुरे केवळ गायरानावरच जगतात अशा भूमिहीन घरांचा वाटा मात्र आधी काढून ठेवावा. नाहीतर बंदीचा सारा भार त्यांच्यावर पडतो, व ती टिकत नाही. ग्रामसभेची बैठक यासाठी वैशाखातच घ्यावी. आषाढात गुरे रानात गेल्यावर ठराव करण्यात अर्थ नाही.